ब्राँझचा अर्धपुतळा करून घेताना: मातीपासून चबुतऱ्यापर्यंत

अनावरणाची तारीख आधी ठरते, पाहुण्यांचा होकार येतो आणि मग शिल्पकाराला फोन जातो. घरच्यांकडून एक पासपोर्ट फोटो मिळतो. मातीचं काम कोणी जाऊन पाहत नाही. पाहिलंच तर मोबाइलवर. धातूचा पुतळा टेम्पोतून उतरतो तेव्हा सगळे पहिल्यांदा एकत्र जमतात आणि मुलगी हळूच म्हणते, "हे बाबा नाहीत." तोवर करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. ब्राँझमध्ये गालावरचा फुगवटा थोडा घासता येतो, ओठांची ठेवण बदलता येत नाही.

खालचं उदाहरण एका दूरचित्रवाणी निर्मात्याच्या अर्धपुतळ्याचं आहे. जागा नाशिकमधल्या संस्थेच्या आवारातली, माप खऱ्या डोक्याच्या सव्वापट. सगळे आकडे याच मापाचे आहेत. पुतळा करून घेणाऱ्या समितीने आणि पहिल्यांदाच व्यक्तिशिल्प ओतून घेणाऱ्या शिल्पकाराने हे टप्पे सोबतच वाचावेत, कारण निम्म्या चुका दोघांच्या मधल्या जागेत होतात.

## आधी वेळापत्रक

नऊ ते दहा महिने धरा आणि नाशिकचे ऋतू बघून ते मांडा. कामाचा क्रम असा: मातीचा पुतळा, त्यावरून रबरी साचा, त्या साच्यातून पोकळ मेणाची प्रत, आणि शेवटी ते मेण वितळवून रिकाम्या झालेल्या जागी ब्राँझ. मातीचं काम जुलै ते सप्टेंबरमध्ये सोयीचं: हवेत ओल असते, शाडू तडकत नाही. साचा आणि मेण ऑक्टोबर ते डिसेंबर. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला की मेणाची मान आपल्याच वजनाने पुढे झुकते, आणि ते धातूत उतरल्यावरच लक्षात येतं. ओतकाम डिसेंबर ते फेब्रुवारी, कारण प्लास्टरचे साचे कोरडे व्हायला कोरडी हवा लागते. रंग आणि बसवणी मार्च-एप्रिलमध्ये, पावसाच्या आत.

दादासाहेब फाळक्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिलचा. पडद्याशी संबंधित माणसाच्या अनावरणासाठी नाशिकमध्ये ती तारीख सुचतेच, आणि या वेळापत्रकात ती बरोबर बसते. मात्र त्यासाठी शिल्पकार आदल्या जूनमध्ये ठरलेला हवा. जानेवारीत काम देऊन एप्रिलमध्ये पुतळा मागितला, तर कुठला तरी टप्पा गाळला जाणार हे नक्की.

## १. पाच निर्णय कागदावर

माती विकत घेण्याआधी हे लिहून, सह्या करून ठेवा: वय, पोशाख, चष्मा, आकार, जागा.

वयावर सगळ्यात जास्त वाद होतात. पत्नीच्या डोळ्यांपुढे साठीतला माणूस असतो, युनिटमधल्या सहकाऱ्यांना चाळिशीतला, सेटवर उभा असलेला आठवतो. दोघांचं ऐकून पन्नाशीचा चेहरा केला तर तो कोणालाच ओळखू येत नाही. एक वय ठरवा आणि त्या वयाचे तरी पुरेसे फोटो आहेत ना ते बघा. पोशाख रोजचा ठेवा. आयुष्यभर शर्टाच्या बाह्या दुमडून काम केलेल्या माणसाला पुतळ्यात बंद गळ्याचा कोट घातला की चेहरा बरोबर असूनही माणूस अनोळखी वाटतो. हेडफोन, माइक, क्लॅप अशा वस्तू अर्धपुतळ्यात घेऊ नयेत असं आमचं ठाम मत आहे. लांबून त्या ओळखू येत नाहीत आणि तुटतात मात्र लवकर.

आकार: उघड्या आवारात खऱ्या मापाचा पुतळा आकाशाच्या पार्श्वभूमीवर लहान दिसतो, म्हणून सव्वापट. हनुवटीपासून डोक्याच्या माथ्यापर्यंत साधारण २९ सेंटिमीटर, छातीसकट एकूण उंची ७५ सेंटिमीटर. मेण आणि धातू मिळून साधारण २ टक्के आकसतात, म्हणजे ७५ सेंटिमीटरला दीड सेंटिमीटर. माती तेवढी मोठी ठेवा.

जागा: रस्ता, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नये असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे. त्यामुळे चौकाचा हट्ट सोडून संस्थेचं आवार बघा. तिथेही महापालिका आणि पोलिसांच्या कोणत्या परवानग्या लागतील ते सुरुवातीलाच लेखी विचारा. सार्वजनिक पुतळ्यासाठी मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता लागते. ती येईपर्यंत माती ओली ठेवावी लागते, हा वेळ वेळापत्रकात धरा. कुंपणालगतची जागा असेल तर विकास आराखड्यातली रस्तारुंदीची रेघही पाहून घ्या. सिंहस्थाची कामं निघाली की अशा कडेच्या जागा आधी हलतात.

करारात दोन गोष्टी हमखास राहून जातात: रबरी साचा कोणाकडे राहणार, आणि त्यातून दुसरी प्रत काढायची तर कोणाच्या परवानगीने. पैसे चार टप्प्यांत द्या: काम सुरू करताना ३० टक्के, मातीच्या मंजुरीला ३०, कच्चा धातू तपासल्यावर ३०, बसवणीनंतर १०.

## २. फोटो आणि मापं

निर्मात्याच्या बाबतीत एक वेगळीच अडचण येते. हयात कॅमेऱ्यामागे गेलेली, त्यामुळे त्याचे स्वतःचे चांगले फोटो थोडे. जे असतात ते पुरस्कार घेतानाचे: समोरून फ्लॅश, चेहऱ्यावर मेकअप, ओठांवर समारंभाचं हसू. फ्लॅशमध्ये डोळ्यांच्या खोबणी आणि गालांचे उतार पुसले जातात. असा फोटो ओळख पटवण्यापुरता ठीक, घडवण्यासाठी निरुपयोगी.

किमान हे गोळा करा: समोरून एक, दोन्ही बाजूंनी पूर्ण एकेक, तीन-चतुर्थांश कोनातले दोन, मागून एक. मागचा फोटो कोणाकडेच नसतो. शूटिंगच्या वेळी सेटवर काढलेल्या फोटोंमध्ये मॉनिटरकडे बघणारा माणूस पाठीमागून टिपलेला असतो, तिथे शोधा. बाजूचा चेहरा मुलाखतींच्या चित्रणात सापडतो. चित्रण वापरताना तीन गोष्टींत फसगत होते.

पहिली, ताणलेलं चित्र. जुनं चित्रण ४:३ चौकटीचं असतं. ते १६:९ पडद्यावर ताणून बसवलेल्या फाइलमधून चित्र उचललं, तर चेहरा एक तृतीयांशाने रुंद होतो. शिल्पकार तो रुंद चेहरा इमानाने घडवतो आणि घरचे म्हणतात, "जाड दिसतायत." मागच्या भिंतीवरचं घड्याळ किंवा टेबलावरची बशी गोल दिसते का ते बघा. लंबगोल असेल तर आधी चौकट दुरुस्त करा.

दुसरी, जवळून काढलेला फोटो. हातभर अंतरावरून मोबाइलने टिपलेल्या चेहऱ्यात नाक मोठं आणि कान लहान, मागे गेलेले दिसतात. दोन मीटर किंवा त्याहून लांबून काढलेलेच फोटो मापासाठी घ्या. पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो आरशासारखा उलटा साठवलेला असू शकतो. भांग, तीळ आणि शर्टाची बटणपट्टी पाहून खात्री करा.

तिसरी, चष्म्याची काच. उणे नंबरच्या जाड काचेमागे डोळे लहान दिसतात आणि गालाची कड आत तुटल्यासारखी होते. अधिक नंबरच्या काचेमागे डोळे मोठे दिसतात. ब्राँझच्या चष्म्यात काच नसते, म्हणून डोळे खऱ्या मापाचे घडवावे लागतात. चष्मा काढलेला एक तरी फोटो मिळवाच.

हाच चष्मा मापाला मात्र फार उपयोगी पडतो. घरच्यांनी तो बहुधा जपून ठेवलेला असतो. दांडीच्या आत ५२-१८-१४० असे आकडे असतात: काचेची रुंदी ५२ मिलिमीटर, नाकावरचा पूल १८, दांडी १४०. तोच चष्मा घातलेला समोरचा फोटो घ्या, चौकटीची खरी रुंदी पट्टीने मोजा आणि त्या प्रमाणात फोटो छापा. गालांची रुंदी, दोन बाहुल्यांमधलं अंतर, नाकपुड्या ही सगळी मापं त्यावरून काढता येतात. शर्टाच्या कॉलरचं माप मिळालं तर मानेचा घेरही हाती येतो. व्यक्ती हयात असेल तर एक बैठक मागा आणि कॅलिपरने मापं घ्या; अर्ध्या तासाचं काम आहे.

तपासा: एकाच वयाचे, न ताणलेले, किमान सहा कोन भिंतीवर एका मापात लागले का? नसतील तर माती मळू नका.

## ३. सांगाडा आणि माती

१९ मिलिमीटर मरीन प्लायच्या फळीवर फ्लँज (पाइप उभा धरणारी चकती), त्यात पाऊण इंची जीआय पाइप (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी), वर डोक्यासाठी ॲल्युमिनियमच्या जाड तारेची दोन कडी. कड्यांमध्ये तारेने लाकडाच्या छोट्या फुल्या टांगा, म्हणजे डोक्याची माती खाली सरकत नाही. छातीच्या आतली जागा थर्माकोल आणि लाकडाने भरा. तसं केलं तर ५० किलो माती पुरते, नाहीतर ८० ते १०० किलो लागते आणि सांगाडा वाकतो. पाइपचं टोक माथ्यापासून निदान ५ सेंटिमीटर खाली हवं. डोकं थोडं खाली बसवायची वेळ आली आणि वर पाइप लागला, तर सगळं पुन्हा उभं करावं लागतं.

शाडू चाळून, दोन-तीन दिवस भिजवून मळा. राहिलेला खडा नेमका गालावर ओरखडा पाडतो. आधी डोक्याचा कल आणि मानेचा कोन, मग कवटी, मग चेहऱ्याची मोठी पठारं, सगळ्यात शेवटी डोळे आणि सुरकुत्या. समितीला दाखवायचं म्हणून डोळे आधी कोरण्याचा मोह टाळा. कवटी चुकलेली असली की डोळे कितीही सुंदर झाले तरी ते वाया जातात.

ब्राँझला डोळ्यांचा रंग नसतो, नजर खोलीतूनच येते. बुबुळ खोल कोरून वरच्या बाजूला मातीचा एक कण शिल्लक ठेवतात. तो कण उजेड पकडतो आणि डोळा जिवंत होतो. वरच्या पापणीची कड पुढे काढली की तिची सावली बुबुळावर पडते.

मातीचं काम पुतळा जिथे राहणार त्या उंचीवर करा. चबुतरा १२० सेंटिमीटरचा असेल तर पुतळ्याचे डोळे जमिनीपासून साधारण १८० सेंटिमीटरवर येतात. तिवई तेवढी उंच करा. स्टुलावर बसून, डोळ्यांना डोळे भिडवून घडवलेला पुतळा वर चढला की हनुवटी आणि नाकपुड्याच आधी दिसतात.

## ४. मातीची मंजुरी

इथे घाई करू नका. सगळा लेख विसरलात तरी चालेल, हा टप्पा पाळा.

मंजुरी देणारे तीनच जण: घरातली एक व्यक्ती, रोज बरोबर काम केलेला एक सहकारी, आणि शिल्प पाहण्याची सवय असलेला एक जण. पंधरा जणांची समिती पंधरा दुरुस्त्या सांगते आणि शिल्पकार सगळ्यांना थोडं थोडं खूश करत चेहरा हरवून बसतो.

तीन भेटी ठरवा. पहिल्या भेटीत फक्त कल, मान आणि प्रमाण. दुसरीत साम्य. तिसरीत केस, कॉलर, सही आणि साल. प्रत्येक वेळी स्टुडिओत जाऊनच पाहा. मोबाइलवर पाठवलेल्या फोटोवर मंजुरी कधीच देऊ नका; शिल्पाला मागची बाजूही असते.

पाहताना आधी तीन मीटरवरून, मग जवळून. सगळे दिवे बंद करून एकच दिवा बाजूला धरा आणि तो हळूहळू फिरवा, म्हणजे सपाट राहिलेला गाल लगेच कळतो. मूळ फोटोशी तुलना करताना अंतराचाही सव्वापट हिशेब ठेवा: मूळ फोटो दोन मीटरवरून काढलेला असेल, तर मातीचा फोटो अडीच मीटरवरून काढा. नाहीतर प्रमाण बरोबर असूनही चेहरा वेगळा भासतो. घरच्यांना "कुठे चुकलंय" हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. त्यांना "कोणता फोटो जास्त ते वाटतात" असं विचारा, उत्तर लगेच मिळतं.

सावधान: "धातूत चमक आली की बरोबर दिसेल" हे वाक्य ऐकलं तर तिथेच थांबा. मातीची फिकट, मऊ पृष्ठं धातूत गडद होतात आणि चूक आणखी ठळक दिसते.

मंजुरीच्या कागदावर तिघांच्या सह्या, तारीख आणि चारही बाजूंचे फोटो जोडा. यानंतर चेहऱ्याबद्दल बोलणं बंद.

## ५. साचा आणि मेण

मातीवर सिलिकॉन रबराचे तीन-चार हात, एकूण ६ ते ८ मिलिमीटर, आणि त्यावर फायबर किंवा प्लास्टरचं दोन-तीन तुकड्यांचं कवच. शाडूऐवजी प्लॅस्टिसिन (न वाळणारी तेलकट माती) वापरलं असेल तर त्यात गंधक आहे का ते पाहा. गंधकावर प्लॅटिनम प्रकारचं सिलिकॉन सेट होत नाही, चिकट राहतं, आणि साचा व माती दोन्ही जातात. कोपऱ्यात आधी चाचणी घ्या. साच्याचा जोड कानामागून घ्या, कधीही गालावरून नको.

रबरात मेणाचा पहिला हात ब्रशने, मग गरम मेण ओतून, फिरवून, काढून घ्यायचं. भिंत सगळीकडे ५ मिलिमीटर. नाक आणि कॉलरच्या कडेला मेण साचून जाड होतं, आणि जाड जागी धातू शेवटी थिजतो व खड्डा पडतो. सुईने आठ-दहा ठिकाणी जाडी मोजा.

मेणाचं वजन करायला विसरू नका. चांगला पोकळ मेणपुतळा सव्वाचार किलोच्या आसपास भरतो. त्याच्या दहापट धरलं की धातूचा अंदाज येतो, म्हणजे ४० ते ४२ किलो. मेण साडेसहा किलो भरलं तर भिंत जाड झाली आहे आणि २० किलो धातूचं बिल वाढणार आहे.

जोडाच्या रेषा, बुडबुडे, पुसट झालेल्या पापण्या मेणातच दुरुस्त करा. मेणात दहा मिनिटांचं काम धातूत अर्धा दिवस खातं. चष्मा वेगळा करा: चेहऱ्यावर एकत्र ओतला तर चौकटीमागे साफ करायला जागा राहत नाही.

## ६. ओतकाम

मिश्रधातू करारात आकड्यांत लिहा. ८५ टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५ टक्के, हे मिश्रण चालतं. सिलिकॉन ब्राँझ घेतलं तर सुमारे ९५ टक्के तांबं आणि ४ टक्के सिलिकॉन. नुसतं "ब्राँझ" लिहिलं तर नळाच्या भंगाराचं पितळही त्याच नावाने येऊ शकतं. ओतताना त्याच मुशीतून एक गोटी वेगळी ओतून घ्या आणि औद्योगिक वसाहतीतल्या धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत स्पेक्ट्रो चाचणीला द्या; मिश्रणात कोणता धातू किती टक्के आहे ते तिच्यातून कळतं.

मेणाला वितळलेल्या धातूचा रस जाण्याचे मार्ग आणि हवा निघण्याच्या नळ्या जोडून, आत गाभा भरून, बाहेर प्लास्टर आणि विटांच्या चुऱ्याचा साचा चढवतात. हा साचा भट्टीत तापवून मेण काढून टाकतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. गाभा जागेवर राहावा म्हणून १२ ते १६ खिळे मेणातून आरपार टोचतात. ते लोखंडी असतील तर नंतर प्रत्येक खिळा काढून ब्राँझने बुजवला जाईल हे आत्ताच लिहून घ्या. राहिलेला एक खिळा पहिल्या पावसात गालावर तांबूस ओघळ सोडतो.

सावधान: साचा ओला असताना १,१०० अंशांचा रस आत गेला तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू उसळून बाहेर येतो. भट्टीतून साचा काढण्याआधी नळ्यांच्या तोंडाशी काळेपणा उरलेला नसावा, आणि वर धरलेल्या थंड पत्र्यावर दव धरू नये. समितीला ओतकाम बघायचं असेल तर लांबून, आणि कोणीही नायलॉनचे कपडे घालून येऊ नये.

मूस एकदाच, न थांबता रिकामी करायची. नळ्यांमध्ये जाणारा धातू धरून ५५ ते ६० किलो वितळवावं लागतं. रस कमी पडला आणि मध्येच थांबावं लागलं, तर त्या जागी रेष पडते व पुतळा तिथे कमकुवत राहतो.

## ७. कच्चा धातू तपासणं

रंग चढण्याआधी एकदा फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात जा. ही भेट जवळपास सगळे टाळतात आणि रंगाखाली लपलेलं नंतर निघतं.

अंधाऱ्या खोलीत पुतळ्याच्या आत दिवा लावा. जिथून उजेडाचा ठिपका दिसेल तिथे छिद्र आहे. लाकडी मुठीने हलकेच टकटक करत सगळीकडे फिरा: भरीव, गुंजणारा आवाज हवा. जिथे बद्द वाजेल तिथे पुट्टी भरलेली असू शकते, खिळ्याने खरवडून पाहा. छिद्रं असणं हा गुन्हा नाही. ती त्याच मिश्रधातूच्या सळीने आर्गॉन वेल्डिंग करून बुजवायची असतात. सळी वेगळी वापरली तर रंग दिल्यावर जोड वेगळ्या छटेचा उठून दिसतो.

आतला गाभा पूर्ण खरवडून काढलेला हवा. राहिलेलं प्लास्टर ओल धरतं आणि आतून धातू खातं. हात घालून बोटं पांढरी होतात का ते पाहा. शेवटी मातीच्या मंजुरीचे फोटो बाजूला ठेवून पापण्या, नाकपुड्या, ओठांच्या कडा जुळवा. घासताना त्या बोथट होतात.

## ८. रंग

ब्राँझवरचा तपकिरी रंग म्हणजे लेप नव्हे, ती धातूशी झालेली रासायनिक क्रिया असते. पृष्ठ सँडब्लास्ट करून (वाळूच्या झोताने साफ करून), तेलाचा हात न लावता, टॉर्चने तापवतात. थेंब टाकला की चर्र झाला पाहिजे. मग फेरिक नायट्रेटचं किंवा गंधकी पोटॅशचं (धातूला रंग आणणारी रसायनं) पातळ द्रावण ब्रशने, अनेक हातांत. द्रावण दाट घेतलं तर रंग एका हातात चढतो आणि पापुद्र्यासारखा सुटतो. धुऊन, वाळवून, धातू कोमट असतानाच मेणाचा हात द्यायचा.

फार काळा रंग मागू नका. उन्हात पुतळ्याचा चेहरा मग नुसती आकृती होतो आणि मातीत कमावलेलं सगळं बुडतं.

## ९. चबुतरा आणि बसवणी

नाशिकमधली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया तिच्यावर ठेवला तर दोन वर्षांत चबुतरा कलतो. मुरूम लागेपर्यंत खणा. वरचा दगड काळा किंवा करडा ग्रॅनाइट घ्या, कारण पांढऱ्या संगमरवरावर ब्राँझचे हिरवे ओघळ उतरतात आणि ते जात नाहीत.

पुतळ्याचं तोंड उत्तरेला केलं तर वर्षातले बरेचसे दिवस ऊन पाठीमागून येतं आणि चेहरा सावलीत राहतो. पूर्व किंवा आग्नेय बरी. जागेवर खुर्ची ठेवून, एका माणसाला बसवून, सकाळी नऊ आणि संध्याकाळी पाच वाजता फोटो काढा आणि मग ठरवा.

आतून १२ मिलिमीटर जाडीचे चार ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे स्टड (आटे पाडलेल्या सळ्या), दगडात १५ सेंटिमीटर खोल, केमिकल अँकरने (भोकात भरून घट्ट होणाऱ्या रसायनाने) बसवा. साधं लोखंड ब्राँझला लागून ओलं राहिलं की झपाट्याने गंजतं. ब्राँझ आणि दगडामध्ये निओप्रीनची (कृत्रिम रबराची) पट्टी घाला आणि तळाशी ८ ते १० मिलिमीटरचं पाणी निघायचं भोक ठेवा. चष्मा कानामागे आणि नाकावर पिनांनी पक्का करा.

नामफलक कोरायला देण्याआधी मजकूर भाषा जाणणाऱ्या दोघांकडून वाचून घ्या. ऱ्हस्व-दीर्घ दगडात दुरुस्त होत नाही.

## १०. नंतरची काळजी

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर: साधं पाणी, मऊ ब्रश, सौम्य साबण, पूर्ण वाळवून मेणाचा पातळ हात. जयंतीच्या आदल्या दिवशी कोणीतरी उत्साहाने चिंच, लिंबू किंवा भांडी घासायची पावडर घेऊन येतं आणि तासाभरात रंग उतरवून पुतळा पिवळाधमक करतं. वॉचमन आणि शिपाई यांना हे नावानिशी सांगून ठेवा. हार तारेचा नको, दोऱ्याचा, आणि तो त्याच संध्याकाळी उतरवायचा. कुजलेल्या फुलांचं पाणी छातीवर डाग पाडतं. दूध किंवा पंचामृताचा अभिषेक करू देऊ नका.

आवार द्राक्षबागेला लागून असेल तर आणखी एक: बागेतली गंधकाची फवारणी वाऱ्याने येऊन ब्राँझला काळं पाडते. त्या हंगामात पुतळा महिन्यातून एकदा पाण्याने धुवा आणि मेणाचा हात दोनऐवजी तीनदा द्या. पहिल्या मोठ्या पावसानंतर खाली वाकून तळाच्या भोकातून पाणी गळतंय का ते पाहा. गळत नसेल तर भोक बुजलं आहे, तारेने त्याच दिवशी मोकळं करा.